हुंडणावळीचें कोडें आणि एका विद्यार्थ्याचा प्रबंध

पुण्याच्या व्यापाऱ्यास सुरतेच्या अडत्याचें हजार रुपयांचें देणें असलें, तर जुन्या काळीं तो रुपयांची थैली घोड्यावर लादून सुरतेची वाट धरीत नसे. वाटेंत घाट, नद्या आणि चोर यांचें भय असे. तो ओळखीच्या पेढीवर जाई, हजार रुपये आणि वर थोडी रक्कम मोजी, आणि सुरतेच्या पेढीवरची हुंडी घेऊन ती रवाना करी. ही जी वरची थोडी रक्कम, तिलाच हुंडणावळ म्हणत. सुरतेस पैसा पाठविणारे पुष्कळ झाले कीं हुंडणावळ चढे. ते थोडे असले कीं उतरे. दोन गांवांमधला हा व्यवहार ज्यास समजला, त्यास दोन देशांमधला व्यवहार समजणें फारसें अवघड नाहीं. तेथें एक गोष्ट मात्र अधिक असते. एका बाजूस रुपया आणि दुसऱ्या बाजूस पौंड, अशीं दोन निराळीं नाणीं समोरासमोर येतात. एका पौंडास किती रुपये मोजावयाचे, तें कोणीं ठरवावयाचें, आणि कशाच्या आधारें ठरवावयाचें, हा प्रश्न तेथें नव्यानें उभा राहतो.

पदवी मिळाल्यानंतर जे विद्यार्थी अर्थशास्त्राच्या या शाखेचा पुढें अभ्यास करतात, त्यांच्यासंबंधीं लोकांची एक समजूत असते. बँकेंत किंवा मोठ्या पेढींत चांगल्या पगाराची जागा मिळावी म्हणून शिकावयाची ही विद्या आहे, आणि तींत आंकडेमोडीपलीकडे फारसें कांहीं नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. पगाराचा भाग खोटा नाहीं. परंतु पौंडाचे रुपये किती, या एका आंकड्यावर शेतकऱ्याच्या कापसाचा भाव, गिरणींतील कामगाराच्या मजुरीची खरी किंमत आणि सरकारी तिजोरीवरचा बोजा, हीं सर्व अवलंबून असतात. तो आंकडा ठरविणारांचा हिशेब तपासून पाहील असा कोणी तरी लोकांमध्यें असावा लागतो. असा मनुष्य तयार होण्यास काय लागतें, हें डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनीं १९२० ते १९२३ या काळांत लंडनमध्यें जो अभ्यास केला, त्यावरून चांगलें समजतें. राज्यघटनेचे शिल्पकार आणि दलितांचे पुढारी म्हणून त्यांस सर्व जग ओळखतें. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध मात्र त्या मानानें फार थोड्यांनीं वाचला आहे.

प्रथम तो प्रश्न काय होता हें पाहिलें पाहिजे. इंग्रज सरकारनें १८३५ सालीं आपल्या ताब्यांतील मुलखासाठीं एकच रुपया ठरविला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यांत शुद्ध चांदी १६५ ग्रेन. कोणीहि चांदी घेऊन टांकसाळींत जावें आणि तिचे रुपये पाडून आणावे, अशी मोकळीक होती. त्यामुळें रुपयाची किंमत आणि त्यांतील चांदीची किंमत यांमध्यें फारसें अंतर पडत नसे. इंग्लंडचें मुख्य नाणें मात्र सोन्याचें होतें. जोंपर्यंत सोनें आणि चांदी यांचे परस्परांतील भाव बहुतेक स्थिर होते, तोंपर्यंत एका रुपयाचे सुमारें दोन शिलिंग येत आणि एका पौंडाचे सुमारें दहा रुपये होत. त्या वेळच्या इंग्रजी हिशेबांत बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड असे, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढचे आंकडे सुलभ होतील.

१८७१ नंतर जर्मनीनें चांदीचें नाणें सोडून सोन्याचें नाणें स्वीकारलें. त्यामागोमाग युरोपांतील इतर देशांनींहि चांदीचीं नाणीं मोकळेपणानें पाडणें थांबविलें. इकडे अमेरिकेंतील खाणींतून चांदी पुष्कळ निघूं लागली. गिऱ्हाईक कमी आणि माल जास्त अशी स्थिति झाल्यावर चांदी उतरली, आणि तिच्याबरोबर रुपयाहि उतरला. १८९२ च्या सुमारास तो सव्वा शिलिंगावर येऊन ठेपला.

यांत सरकारास कोणती अडचण होती? हिंदुस्थान सरकारला दरसाल लंडनमध्यें मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. इंग्रज अधिकाऱ्यांचीं पेन्शनें, रेल्वेच्या आणि इतर कर्जाचें व्याज, भारतमंत्र्याच्या कचेरीचा खर्च, असा तो हिशेब असे. समजा, ही रक्कम दीड कोटि पौंड आहे. रुपया दोन शिलिंगांचा असतां तिच्यासाठीं पंधरा कोटि रुपये लागतील. तोच रुपया सव्वा शिलिंगाचा झाला कीं चोवीस कोटि लागतील. देणें एका पौंडानेंहि वाढलें नाहीं, आणि तरी नऊ कोटि रुपये अधिक भरावे लागले. हे नऊ कोटि करांच्या रूपानें रयतेकडूनच यावयाचे.

या अडचणींतून सुटण्यासाठीं हर्शेल समितीच्या सल्ल्यानें सरकारनें जून १८९३ मध्यें लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणें बंद केलें. रुपये दुर्मिळ झाले म्हणजे ते महाग होतील, असा त्यामागचा विचार होता. आरंभीं रुपया आणखी घसरला. परंतु १८९८ पर्यंत तो एक शिलिंग चार पेन्सांवर चढला. पुढल्या वर्षीं फाउलर समितीच्या शिफारशीवरून हाच दर कायम करण्यांत आला. म्हणजे एका पौंडाचे पंधरा रुपये झाले. हिंदुस्थानांत सोन्याचें नाणें चालावें आणि टांकसाळी सोन्यासाठीं खुल्या असाव्या, असेंहि त्या समितीनें सुचविलें होतें. तें त्या वेळीं घडून आलें नाहीं.

त्याऐवजीं हळूहळू एक निराळीच पद्धति रूढ झाली. देशांत चालावयाचा तो चांदीचा रुपया आणि कागदी नोट. सोन्याच्या स्वरूपाचा सांठा मुख्यतः लंडनमध्यें. लंडनच्या ज्या व्यापाऱ्यास हिंदुस्थानांतून कापूस किंवा ताग घ्यावयाचा असे, तो भारतमंत्र्याकडे पौंड भरी आणि कलकत्ता, मुंबई किंवा मद्रास येथील सरकारी खजिन्यावरची हुंडी घेई. रुपया उतरूं लागला म्हणजे याच्या उलट व्यवहार होई. सरकार हिंदुस्थानांत रुपये घेऊन लंडनवरच्या हुंड्या विकी. अशा रीतीनें सरकार हीच एक मोठी हुंडीवाल्याची पेढी झाली. या पद्धतीस सुवर्णविनिमय-पद्धति असें नांव मिळालें.

या पद्धतीचा पुरस्कार करणारांत जॉन मेनार्ड केन्स हे प्रमुख होते. केन्स कांहीं काळ लंडनच्या इंडिया ऑफिसांत नोकरीस होते, आणि हिंदी चलनावरचा त्यांचा ग्रंथ १९१३ सालीं प्रसिद्ध झाला. लोकांच्या हातांत सोनें खेळविणें ही खर्चाची हौस आहे. परदेशाचें देणें देण्यापुरतें सोनें सांठ्यास असलें म्हणजे झालें. हिंदुस्थानची पद्धति मागासलेली नसून सुधारलेल्या जगाच्या चालीशीं जुळणारी आहे, असें त्यांच्या प्रतिपादनाचें सार होतें. त्या काळच्या विद्वानांवर या मताचा मोठा पगडा बसला. अशा वेळीं याच विषयावर प्रबंध लिहिण्यास एक हिंदी विद्यार्थी पुढें आला.

आंबेडकरांचें उच्च शिक्षण सरळ रेषेंत झालें नाहीं. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें सार्वजनिक जमाखर्चाच्या शास्त्रांतील नामांकित पंडित प्रोफेसर सेलिग्मन यांचें मार्गदर्शन त्यांस मिळालें. १९१६ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेंत नांव दाखल केलें आणि त्याच वेळीं ग्रेज इन् येथें कायद्याचा अभ्यासहि आरंभिला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून त्यांस स्वदेशीं परतावें लागलें. चार वर्षांच्या आंत परत आल्यास अभ्यास पुढें चालू करतां येईल, एवढी परवानगी विद्यापीठाकडून त्यांनीं मिळविली होती. पहिलें महायुद्ध चालू होतें. निराळ्या जहाजानें पाठविलेलीं त्यांचीं पुस्तकें आणि सामान पाणतीराच्या माऱ्यांत समुद्रांत बुडालें, असें त्यांच्या चरित्रकारांनीं लिहून ठेवलें आहे.

कराराप्रमाणें ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, पण अस्पृश्य म्हणून त्या शहरांत त्यांस रहावयास जागा मिळेना. कोलंबियाची एम. ए. ही पदवी घेऊन आलेल्या या गृहस्थास अखेर नोकरी सोडून मुंबईस यावें लागलें. १९१८ च्या नोव्हेंबरांत ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राचे प्रोफेसर झाले. पगार बरा होता, परंतु परळच्या चाळींतील दोन खोल्यांतलें बिऱ्हाड त्यांनीं बदललें नाहीं. चार वर्षांची मुदत डोळ्यांपुढें होती, आणि उरेल तो पैसा लंडनसाठीं शिलकेंत पडत होता. ही शिल्लक, कोल्हापूरचे शाहू महाराज यांचें साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलें पांच हजार रुपयांचें कर्ज, एवढ्या भांडवलावर जुलै १९२० मध्यें ते पुन्हां विलायतेस निघाले. परवानगीच्या मुदतींतलें एकच वर्ष शिल्लक उरलें होतें.

ज्या रुपयाचा अभ्यास करावयाचा, त्याच रुपयाची त्या वर्षीं मोठी उलथापालथ चालली होती. महायुद्धांत चांदी भलतीच महाग झाली. रुपयांतील चांदी रुपयाच्या ठराविक दराहून अधिक किंमतीची होऊं लागली, तेव्हां सरकारला दर वाढवीत न्यावा लागला. १९१९ च्या अखेरीस तो दोन शिलिंग चार पेन्सांपर्यंत पोंचला. बॅबिंग्टन स्मिथ समितीनें रुपयाचा दर सोन्याच्या हिशेबानें दोन शिलिंग ठरवावा अशी शिफारस केली. या समितीचे हिंदी सभासद मुंबईचे दादिबा मेरवानजी दलाल यांनीं आपलें विरुद्ध मत स्वतंत्रपणें नोंदविलें, पण तें मानलें गेलें नाहीं. इतक्यांत चांदी उतरली, व्यापाराचें मान पालटलें, आणि बाजार त्या दरास रुपया घेईना. तेव्हां दर टिकविण्यासाठीं सरकारनें लंडनवरच्या हुंड्या विकावयास सुरुवात केली. सुमारें साडेपांच कोटि पौंडांच्या हुंड्या विकल्या गेल्या. जे पौंड पंधरा रुपयांच्या हिशेबानें सांठविलेले होते, ते दहा रुपयांस आणि कांहीं काळ त्याहूनहि स्वस्त देऊन टाकण्यांत आले. ज्यांस पैसा विलायतेस पाठवावयाचा होता त्यांची चंगळ झाली, आणि तोटा हिंदुस्थानच्या तिजोरीनें सोसला. अखेर २८ सप्टेंबर १९२० रोजीं हा प्रयत्न सरकारनें सोडून दिला. रुपया घसरत १९२१ मध्यें जुन्या एक शिलिंग चार पेन्सांच्याहि खालीं गेला.

याचा परिणाम साध्या उदाहरणानें कळेल. मुंबईच्या एखाद्या कापडवाल्यानें रुपया दोन शिलिंग असतां मँचेस्टरहून हजार पौंडांचा माल मागविला. मालाचे दहा हजार रुपये होतील असा त्याचा अंदाज. माल येईपर्यंत दर एक शिलिंग चार पेन्सांवर आला, तर तेवढ्याच मालाचे पंधरा हजार द्यावे लागणार. त्या वर्षांत असे अनेक व्यापारी संकटांत सांपडले. लंडनमध्यें शिकणाऱ्या हिंदी विद्यार्थ्याचीहि तीच गत. घरून येणारे हजार रुपये एका दरानें शंभर पौंड होत आणि दुसऱ्या दरानें सदुसष्टहि होत नसत. रुपयाच्या घसरणीवर लिहावयास बसलेल्या विद्यार्थ्यास तिचा हिशेब ग्रंथांत शोधावा लागत नव्हता. तो खानावळीच्या बिलांतच मांडलेला असे.

अशा अभ्यासाची रीत शाळा-कॉलेजांतील रीतीहून निराळी असते. तेथें धडा नेमून दिलेला नसतो, आणि पाठ म्हणून दाखविल्यानें कांहीं साधत नाहीं. विद्यार्थ्यानें एक प्रश्न निवडावा, त्यावर पूर्वीं लिहिलें गेलेलें सर्व वाचावें, मूळ कागदपत्रें तपासावीं, आणि आपलें म्हणणें जाणकारांपुढें सिद्ध करावें, अशी अपेक्षा असते. ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयांत सकाळीं दार उघडतां आंत शिरावें आणि तें बंद होईपर्यंत बसावें, दुपारचें जेवण पैशासाठीं आणि वेळेसाठीं टाळावें, रात्रीं बिऱ्हाडीं पुन्हां वाचीत बसावें, असा आंबेडकरांचा तेथला दिनक्रम चरित्रकारांनीं वर्णिला आहे. चलनविषयक समित्यांचे अहवाल, त्यांच्यापुढें झालेल्या साक्षी, सरकारी खलिते आणि वर्षानुवर्षांचे भावांचे तक्ते, हें त्यांचें मुख्य वाचन होतें. जून १९२१ मध्यें प्रांतिक जमाखर्चावरच्या प्रबंधास एम. एस्सी. ही पदवी मिळाली. त्यानंतर रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध हातीं घेऊन त्यांनीं तो १९२२ च्या ऑक्टोबरांत डॉक्टरेटसाठीं सादर केला.

त्यांचे गुरु प्रोफेसर एडविन कॅनन हे होते. अ‍ॅडम स्मिथच्या प्रसिद्ध ग्रंथाची त्यांनीं संपादित केलेली १९०४ ची आवृत्ति विद्वानांत प्रमाण मानली जात असे. शिष्याचें विधान ढिलें असेल तर तें सोडून द्यावयाचें नाहीं, हा त्यांचा स्वभाव. आपल्या सैद्धांतिक विवेचनाची त्यांनीं इतकी कसून तपासणी केली कीं त्यामुळें आपण अनेक चुकांतून वांचलों, असें आंबेडकरांनीं पुढें ग्रंथाच्या प्रस्तावनेंत कृतज्ञतेनें लिहिलें आहे. गुरूचीं आणि शिष्याचीं मतें मात्र सर्वस्वीं एक नव्हतीं.

आतां त्या प्रबंधांत काय सांगितलें होतें तें पाहूं. केन्सप्रभृति पंडितांचें म्हणणें असें कीं, हुंडणावळीचा दर स्थिर राहिला म्हणजे चलन स्थिर झालें. आंबेडकरांनीं या म्हणण्याच्या मुळाशींच हात घातला. पौंडाचे रुपये किती, हें परदेशाशीं देवघेव करणाऱ्यांस जाणवतें; रुपयाचे जोंधळे किती, हें सर्वांस जाणवतें. रुपयाची खरी किंमत म्हणजे तो बाजारांत काय विकत घेऊं शकतो ती. ती स्थिर नसेल तर हुंडणावळीची स्थिरता फार काळ टिकणार नाहीं, आणि टिकली तरी तिच्यानें सामान्य माणसाचें रक्षण होणार नाहीं.

मग रुपयाची खरेदीशक्ति ढळते कशानें? त्यांच्या मतें मुख्य कारण म्हणजे रुपये पाडण्याचा अधिकार एकट्या सरकारच्या हातीं असून त्यावर पुरेसें बंधन नसणें. १८९३ नंतर रुपया हें एका परीनें चांदीवर छापलेल्या नोटेसारखें नाणें झालें होतें. त्यांतील चांदीची किंमत त्याच्या दर्शनी किंमतीहून कमी असे. असें नाणें पाडणाऱ्यास नफा होतो. टांकसाळ लोकांस बंद, पण सरकारास उघडी. शुद्ध सोन्याच्या पद्धतींत नाणें वाढवावयाचें तर सोनें मिळवावें लागतें, आणि सोनें कोणाच्या हुकुमानें निर्माण होत नाहीं. सुवर्णविनिमय-पद्धतींत हा अडसर निघून जातो, आणि चलन किती असावें हें अधिकाऱ्यांच्या तारतम्यावर राहतें. अधिकारी शहाणे आणि सचोटीचे आहेत असें धरून चालणारी पद्धति बांधूं नये, कारण चुकीचें फळ त्यांस भोगावें लागत नाहीं, हा या टीकेचा गाभा होता. ते लंडनमध्यें पोंचले त्या वर्षीं झालेला कोट्यवधि पौंडांचा व्यवहार हा त्याचा ताजा दाखला होता.

यावर त्यांनीं सुचविलेला उपाय थोडक्यांत असा. रुपये पाडणें सरकारनेंहि अजिबात बंद करावें. सोन्याचें नाणें पाडण्यासाठीं टांकसाळ उघडावी. रुपया आणि सोन्याचें नाणें यांचें प्रमाण ठरवून द्यावें. आणि एकाच्या बदलीं दुसरें देण्याची सक्ती सरकारावर नसावी. रुपयांची संख्या एकदां बांधली गेली म्हणजे त्यांचें मोल राखण्यास लंडनमधल्या सांठ्याची गरज पडणार नाहीं, असा त्यांचा हिशेब होता.

प्रबंधांतील आणखी एक विचार आजहि ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. रुपया स्वस्त असला म्हणजे परदेशीं माल पाठविणारास अधिक रुपये मिळतात, तेव्हां स्वस्त रुपया देशाच्या फायद्याचा, असें त्या काळीं अनेक हिंदी व्यापारी आणि पुढारी मानीत. आंबेडकरांनीं विचारलें कीं, हा फायदा येतो कोणाकडून? शंभर पौंडांच्या मालाचे हजाराऐवजीं पंधराशें रुपये झाले खरे. पण त्याबरोबर देशांतील धान्याचे आणि कापडाचेहि भाव चढतात, आणि मजुरी मात्र तितक्या त्वरेनें चढत नाहीं. म्हणजे परक्याचा पैसा देशांत आला असें नव्हे. कामगाराच्या ताटांतलें कांहीं मालकाच्या ताटांत गेलें. देशाचा फायदा असा शब्द ऐकला कीं देशांतील कोणाचा, असें विचारावयास त्यांनीं शिकविलें. मजुरीवर पोट असणाऱ्यांचीं घरें ज्यानें जवळून पाहिलीं होतीं, त्याच्या लेखणींतून हा प्रश्न सहज उतरला.

प्रबंध सादर झाला, पण मार्ग निर्वेध नव्हता. मार्च १९२३ मध्यें परीक्षकांनीं तो पुन्हां लिहून आणावयास सांगितलें. सरकारी धोरणावरची कडक टीका त्यांस रुचली नाहीं, असें चरित्रकार म्हणतात. इकडे लंडनमध्यें राहण्यापुरता पैसा उरला नव्हता. एप्रिल १९२३ मध्यें आंबेडकर मुंबईस परतले आणि घरीं बसून त्यांनीं फेरफार केले. निष्कर्ष मात्र बदलले नाहींत. प्रबंध परत लंडनला गेला, मान्य झाला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांस डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली. डिसेंबरांत तो पी. एस. किंग या लंडनच्या प्रकाशकांनीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. कॅनन यांनीं त्यास जो उपोद्घात लिहिला तो गुरूच्या प्रामाणिकपणाचा नमुना आहे. या पद्धतीविषयींचा शिष्याचा रोष आपणांस मान्य नाहीं आणि त्याचे बहुतेक युक्तिवादहि पटत नाहींत, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. तरी विचारांचा ताजेपणा त्यांनीं वाखाणला आणि शेवटचा व्यावहारिक निर्णय बरोबर असावा असेंहि म्हटलें. साधी सुवर्णपद्धति समजणारे राज्यकर्तेहि थोडे, परंतु सुवर्णविनिमय-पद्धति समजणारे त्याहून कितीतरी पटीनें थोडे. म्हणून न समजतां किंवा लबाडीनें बिघडवितां येण्याचा धोका दुसरींत अधिक, हें त्यांचें कारण होतें.

पुढें हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या चलन-आयोगापुढें आंबेडकरांनीं १५ डिसेंबर १९२५ रोजीं साक्ष दिली. आयोगानें १९२६ च्या अहवालांत एक शिलिंग सहा पेन्सांचा दर सुचविला. पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं एक शिलिंग चार पेन्सांच्या बाजूनें भिन्न मत दिलें. आणि १९२७ च्या कायद्यानें सहा पेन्सांचाच दर ठरला. स्वतंत्र मध्यवर्ती बँक असावी ही आयोगाची शिफारस पुढें १९३४ च्या कायद्यानें अमलांत येऊन १ एप्रिल १९३५ रोजीं रिझर्व्ह बँकेचें काम सुरू झालें. ही बँक आंबेडकरांच्या ग्रंथांतून जन्मास आली, असें पुष्कळदां सांगितलें जातें. आयोगापुढें अनेक साक्षी झाल्या होत्या, त्यांत त्यांची एक महत्त्वाची साक्ष होती, आणि त्यांच्या मांडणीचा भर बँक स्थापण्यावर नसून रुपयाच्या संख्येवर बंधन घालण्यावर होता. एवढें सांगणें वस्तुस्थितीस धरून होईल, आणि त्यानें त्यांच्या थोरवींत कांहीं उणें येत नाहीं.

त्यांनीं सुचविलेला सोन्याचा उपाय काळानें मागें टाकला. १९३१ च्या सप्टेंबरांत खुद्द इंग्लंडनेंच सुवर्णपरिमाण सोडलें, आणि रुपया पौंडाशीं जखडलेला राहिला. पुढें जगांतील सर्व देशांचें चलन सोन्यापासून सुटलें. १९९३ पासून रुपयाचा दर बाजारांत ठरूं लागला. प्रश्न मात्र जुना झाला नाहीं. चलन निर्माण करणाऱ्याचा हात कोणत्या नियमानें बांधावा, हाच विचार २०१६ सालीं रिझर्व्ह बँकेच्या कायद्यांत दुरुस्ती करून महागाईची मर्यादा ठरवून देण्यामागें होता. हुंडणावळ संभाळावी कीं देशांतील भाव संभाळावे, हा पेंच कोणत्याहि मध्यवर्ती बँकेस चुकलेला नाहीं.

आज या विषयाच्या उच्च अभ्यासासाठीं अनेक तरुण कर्ज काढून दूरदेशीं जातात. त्यांच्यापुढें गणिताचीं नवीं साधनें आहेत, आणि १९२२ च्या विद्यार्थ्यास ज्या तक्त्यांसाठीं दिवसचे दिवस वाचनालयांत बसावें लागे ते त्यांस क्षणांत मिळतात. परंतु नामांकित पंडिताचें मत पुराव्यानें पारखून पाहणें, गुरूशीं मतभेद ठेवूनहि त्याची तपासणी आदरानें सोसणें, आणि आंकड्याच्या पलीकडे तो ज्याच्या घरीं जाऊन पोंचतो त्या माणसाकडे पाहणें, या तीन गोष्टी कोणत्याहि यंत्राकडून मिळत नाहींत. त्या प्रबंधाचा ग्रंथ झाला तेव्हां आंबेडकरांनीं तो कोणा राजाला किंवा पंडिताला अर्पण केला नाहीं. आपल्या शिक्षणासाठीं ज्यांनीं झीज सोसली आणि शिक्षणाचें मोल ज्यांनीं ओळखलें, त्या आईवडिलांच्या स्मृतीस त्यांनीं तो वाहिला.